९०० पौंडांची बोट: घ्यायची की नाही?

हे या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना तोंडात येणारे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ निम्मे काढलेत. उरलेले सांभाळून घ्या.



आजचा भाग एका फोटोपासून सुरू होतो. गेल्या वर्षी मार्चमध्ये ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात पाठवली. निळ्या पट्ट्याची पांढरी शिडाची बोट, २६ फूट लांब, आत झोपायला चार जणांची जागा, छोटंसं किचन. किंमत ९०० पौंड.

९०० पौंड म्हणजे साधारण लाखभर रुपये. पुण्यात नवी स्कूटर घ्यायला गेलात तर जवळजवळ तेवढेच लागतात. आणि इथे अख्खी बोट! जाहिरातीच्या शेवटी एक ओळ होती: ‘थोडं काम आहे.’

तर आज त्या ‘थोड्या कामा’बद्दल बोलू.

ज्यांनी आधीचे भाग ऐकले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी इंग्लंडमध्ये साउदम्प्टनला राहतो, एका कंपनीत डेटाचं काम करतो. मूळचा दापोली तालुक्यातला, हर्णैच्या बाजूचा. आजोबांची शिडाची होडी होती. बाबांनी मात्र एसटीत नोकरी केली. मी तर समुद्र सुट्टीतच बघितला. पण २०१० च्या मे महिन्यात कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादेई’ घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून मुंबईला परतले, तेव्हा मी अकरावीत होतो. ती बोट गोव्यात बांधलेली, माणूस आपल्याकडचा. पेपरमधला त्यांचा फोटो कापून मी कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. तेव्हापासून डोक्यात एकच: आपली एक शिडाची बोट पाहिजे.

आणि आता ती समोर होती, ९०० पौंडांत.

इतकी स्वस्त का?

१९६० आणि ७० च्या दशकांत इंग्लंडमध्ये फायबरग्लासच्या बोटी साच्यातून काढायला लागले. आधी लाकडाची बोट म्हणजे सुताराचं काम, महाग आणि देखभालीची. फायबर आल्यावर मास्तर, बँकेतला कारकून, असा कोणीही बोट घेऊ लागला. वेस्टर्ली सेंटॉर नावाचं एकच मॉडेल घ्या. २६ फुटी, १९६९ ते १९८० या काळात २,४०० पेक्षा जास्त बनल्या. तळाला एकाऐवजी दोन कील, म्हणजे दोन वजनदार पाती. त्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की बोट चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहते. अशा प्रकारच्या अनेक कंपन्यांच्या अनेक बोटी होत्या.

आता गंमत बघा. त्या बोटी घेणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. गुडघे दुखतात, डोलकाठीशी उभं राहवत नाही. मुलांना बोटीत रस नाही. आणि फायबर काही कुजत नाही. म्हणजे बोटी हजारो, घेणारे थोडे. म्हणून भाव पडलेत. हे मला आधी माहीत नव्हतं. मला वाटलं, माझं नशीब उघडलं.

पहिली भेट

रविवारी बायकोला घेऊन बघायला गेलो. पोर्ट्समथ बंदराच्या आतल्या टोकाला एक खाडी आहे, तिथे चिखलाला लागून एक छोटं यार्ड. बोट जमिनीवर लोखंडी घोड्यांवर उभी होती. मालक ७८ वर्षांचे. त्यांनी आधी बोट दाखवलीच नाही, थर्मासमधला चहा दिला. १९८३ साली बायकोबरोबर घेतलेली बोट. दोघं फ्रान्सपर्यंत जाऊन यायचे. ती गेली सहा वर्षांपूर्वी. त्यानंतर बोट पाण्यात उतरलीच नाही.

मला म्हणाले, “कोणीतरी तरुण माणूस तिला परत पाण्यात नेईल, एवढंच मला हवंय.”

मंडळी, खरं सांगतो, तिथेच मी निम्मी बोट विकत घेतली होती. आपण वस्तू बघायला जातो आणि माणूस बघून विकत घेतो. जुनी गाडी असो नाहीतर गावचं जुनं घर असो, हे होतंच.

परत येताना बायको गाडीत एवढंच म्हणाली, “काका फार गोड आहेत. पण आपण काकांना घेणार आहोत की बोटीला?”

फणसासारखी वाजवून बघितली

पुढच्या रविवारी एकटा गेलो. बरोबर ऑफिसमधला तो सहकारी, ज्याने स्वतः दोन जुन्या बोटी दुरुस्त केल्यात. त्याने बोट कशी तपासायची ते दाखवलं. हे लक्ष देऊन ऐका, कारण यातलं बरंचसं फुकटात करता येतं.

पहिलं, डेक. डेक म्हणजे ज्यावर आपण चालतो तो वरचा भाग. बऱ्याच जुन्या बोटींमध्ये तो सँडविचसारखा असतो: वर-खाली फायबर, मध्ये प्लायवूड किंवा बाल्सा नावाचं हलकं लाकूड. रेलिंगचे, कड्यांचे बोल्ट यातून आरपार जातात. बोल्टभोवतीचं सील गेलं की पाणी मधल्या लाकडात शिरतं आणि आतल्या आत ते कुजतं. वरून दिसत काहीच नाही. मग काय करायचं? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जायचं. चांगल्या जागी ‘टण टण’ असा कडक आवाज. कुजलेल्या जागी बद्द. आपण पिकलेला फणस वाजवून बघतो ना, अगदी तसं. त्या बोटीच्या पुढच्या डेकवर जवळजवळ एक चौरस मीटर फणस पिकला होता.

दुसरं, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा. त्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, चकाचक दिसतात, म्हणून माणूस फसतो. स्टेनलेस आतून थकतं आणि एक दिवस न सांगता तुटतं. त्यामुळे इथल्या बऱ्याच विमा कंपन्या दहा-पंधरा वर्षांच्या वरच्या तारा असतील तर आधी त्या बदला म्हणतात. काकांना विचारलं, तारा कधी बदलल्या? ते बराच वेळ विचार करत राहिले. उत्तर मिळालं.

तिसरं, तळाचे नळ. बोटीच्या तळाला सिंकसाठी, इंजिन थंड करायच्या पाण्यासाठी भोकं असतात. हो, मुद्दाम पाडलेली. त्यांवर बसवलेल्या झडपांना सीकॉक म्हणतात. त्या साध्या पितळेच्या असतील तर खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं. उरतं ते गुलाबीसर, भुसभुशीत तांबं. वरून नळ, आतून बिस्कीट. आमच्यापैकी एकाने नुसता हँडलला जोर दिला, तर तोटी हातात आली. बोट पाण्यात असती तर तिथून कारंजं उडालं असतं.

चौथं, इंजिन. जुनं डिझेल इंजिन, सहा वर्षं बंद. पान्याने फिरवून बघितलं, हललं नाही.

पाचवं, कील जिथे बोटीला जोडलेली असते तो जोड. तिथे गंजाचे ओघळ किंवा तडे आहेत का ते बघायचं. दोन कीलच्या बोटी चिखलात बसतात-उठतात, भरती-ओहोटीला दिवसातून दोनदा, चाळीस-पन्नास वर्षं. तळ तिथे लवत राहतो. आमच्या बोटीत एका बाजूला केसासारखे तडे होते. सहकारी म्हणाला, हे कदाचित वरवरचं असेल, कदाचित नसेल. नक्की सांगायला सर्व्हेअर पाहिजे.

आणि एक गोष्ट, जिला सगळे घाबरतात पण जी तितकी भयंकर नाही. फायबरच्या तळाला पाण्यामुळे फोड येतात, त्याला ऑस्मोसिस म्हणतात. फोड फोडला तर आत आंबूस वासाचं पाणी निघतं. दिसायला घाण, भाव करायला उपयोगी, पण फोडांमुळे बोट बुडाल्याचं क्वचितच ऐकू येतं. कुजलेला नळ मात्र बोट एका रात्रीत बुडवतो.

हिशेबाचा कागद

घरी येऊन एक्सेल उघडलं. डेटावाला माणूस, दुसरं काय करणार.

सेकंडहँड इंजिन, २,५०० पौंड. तारा, १,५००. नळ, ४००. डेकसाठी प्लायवूड, फायबर आणि इपॉक्सी, ८००. वापरलेली पण बरी शिडं, ७००. वायरिंग, दिवे, गॅसची लाइन, ६००. क्रेनने पाण्यात उतरवणं आणि डोलकाठी उभी करणं, ४५०. तळाचा रंग, २००. बेरीज ७,१५०. सगळी मजुरी माझी, म्हणजे फुकट.

त्याच आठवड्यात तशाच प्रकारची, पाण्यात तरंगणारी, चालू इंजिनची बोट मी ४,५०० ला बघितली. म्हणजे दुरुस्तीवर ७,१५० घालून माझ्या हातात ४,५०० ची वस्तू येणार होती.

तरी मी स्वतःला समजावत होतो. ‘अरे पण हळूहळू करू. दर महिन्याला थोडे पैसे. शिकायला मिळेल.’ मग मी तासांचा हिशेब केला आणि तिथे खरा दणका बसला.

सहकाऱ्याच्या अंदाजाने काम साधारण ५५० तासांचं. माझ्याकडे फक्त रविवार. त्यातून पाऊस वजा, हिवाळा वजा. थंडीत इपॉक्सी नीट वाळतच नाही, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च डेकचं काम बंद. इंडियाची ट्रिप वजा. वर्षाला धरून चाला ३० रविवार, सहा-सहा तास. म्हणजे १८० तास. ५५० भागिले १८०, तीन वर्षं.

आणि तीन वर्षं ती बोट उभी कुठे राहणार? यार्डात. यार्डाचं भाडं वर्षाला १,५०० पौंड. म्हणजे आणखी ४,५००. माझी ‘फुकट’ मजुरी जितकी हळू, तितकं भाडं जास्त. बोटीची किंमत धरून एकूण आकडा झाला १२,५५०.

आमच्याकडे बचत होती ८,०००. ती कशासाठी होती तेही सांगतो. इथे कायमचं राहण्याचा अर्ज करायचा तर तेव्हा माणशी जवळपास ३,००० पौंड फी होती. आम्ही दोघं. पाच वर्षं पूर्ण होत आली होती. ती फी भरली नाही तर बोट काय, साउदम्प्टनच राहणार नव्हतं. हे मला माहीत होतं. तरी मी एक्सेलमध्ये ती ओळ लपवून ठेवली होती. खरंच, ‘हाइड रो’ केलं होतं. बायकोला ते दिसलं. ती भांडली नाही. तिने फक्त ‘अनहाइड’ केलं आणि चहा ठेवायला गेली.

बाबांचा प्रश्न

त्या रात्री बाबांना फोन केला. म्हटलं, “बाबा, एक बोट बघितलीय. शिडाची.”

“केवढी आहे?”

“लाखभराची.”

“अरे किंमत नाय विचारली. लांबीला केवढी?”

“सव्वीस फूट.”

“मग शाकारणार कुठं?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि झापांनी, हल्ली ताडपत्रीने, झाकून ठेवतात. त्याला शाकारणं म्हणतात. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी तशी असते. म्हणजे बाबा काय विचारत होते? ती चालणार नाही त्या दिवसांत तिला कुठे ठेवणार. मी तीन आठवडे काढलेला हिशेब त्यांनी एका शब्दात विचारला.

मग त्यांनी आजोबांच्या होडीचं सांगितलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं. गावात इंजिनाच्या होड्या आल्या, आजोबांची मागे पडली. दोन वर्षं पाण्यात उतरवलीच नाही. लाकूड पाण्याबाहेर सुकलं, फळ्यांच्या सांधी उघडल्या. आजोबा म्हणायचे, यंदा करू. तिसऱ्या वर्षी कोणी फुकटसुद्धा नेईना. शेवटी फळ्या गोठ्याला लागल्या, उरलेलं न्हाणीच्या चुलीत गेलं.

बाबा म्हणाले, “लाकूड होतं म्हणून संपली तरी. तुझी फायबरची ना? ती कोण जाळणार?”

मी गप्प झालो. दुसऱ्या दिवशी यार्डात फोन करून विचारलं: ही बोट मोडीत काढायची झाली तर किती? क्रेन, कापणं, कचऱ्याची फी धरून त्यांनी आकडा सांगितला: अडीच हजार पौंड.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काका ९०० ला बोट विकत नव्हते. आज ना उद्या त्यांना भरावं लागणारं अडीच हजारांचं बिल, शिवाय दरवर्षीचं भाडं, हे ते माझ्या नावावर करत होते. त्यांनाही ते कळत नसावं. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला काहीतरी देतायत.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच. मोडकी बोट स्वस्तात मिळते, कारण तिच्याबरोबर कोणाचं तरी न भरलेलं बिल येतं. घ्यायची असेल तर ते बिल केवढं आहे ते बघून घ्या.

मग कोणी घ्यावी?

‘कोणीच घेऊ नका’ असं मी म्हणणार नाही. त्याच यार्डात एक गृहस्थ नऊ वर्षं एका बोटीवर काम करतायत. ती अजून पाण्यात गेलेली नाही आणि ते मजेत आहेत. त्यांचा छंद दुरुस्ती हाच आहे. रंधा मारायचा, रेडिओ ऐकायचा, संध्याकाळी घरी.

मोठ्या प्रमाणावर तर याचं फार भारी उदाहरण आहे. एचएमएस ट्रिंकोमाली, १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं जहाज. ते कित्येक वर्षं याच पोर्ट्समथ बंदरात उभं होतं. १९८७ मध्ये ते उत्तरेला हार्टलपूलला नेलं, आणि दुरुस्ती पूर्ण झाली २००१ मध्ये. आज तिथे जाऊन बघता येतं. पण त्यामागे संस्था होती, निधी होता, रोज हजर असणारे कारागीर होते. माझ्यामागे तीस रविवार होते.

तुमच्यापैकी कोणी कधी अशा बोटीसमोर उभं राहिलं, तर स्वतःला हे विचारा.

एक, मला शीड लावून पाण्यात जायचंय की पान्याने काम करायचंय? दोन्ही चांगलं आहे, पण उत्तर एकच द्या.

दोन, काम पूर्ण होईपर्यंत ती उभी कुठे राहणार आणि त्याचं भाडं किती?

तीन, अर्ध्यात सोडावी लागली तर सुटका किती पैशांत होईल? तेवढे पैसे बाजूला आहेत का?

चार, कागद. खरेदीची पावती, मालकीचा पुरावा, आणि यार्डाची थकबाकी शून्य असल्याचं लेखी. नाहीतर बोटीबरोबर उधारीही गळ्यात.

चारही उत्तरं ठीक वाटली, तर मगच सर्व्हेअरला पैसे द्या. आणि पैसे दिले तर त्याचं ऐका.

काकांना नाही म्हणताना

सगळ्यात अवघड भाग हा होता. मेसेज करून टाकावा असं फार वाटलं. पण त्यांच्या थर्मासमधला चहा प्यायलो होतो. म्हणून गेलो. हिशेबाचा कागद दाखवला, नळाची तुटलेली तोटी दाखवली, मोडीचा आकडा सांगितला. म्हटलं, ही बोट दुरुस्त करायला मी तिच्यापेक्षा जास्त वेळ घेईन.

ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पाच जण बघून गेले. खरं कारण सांगणारे तुम्ही पहिले.”

नंतरचे दोन रविवार मी आणि सहकारी तिथे गेलो आणि उपयोगाचं सामान उतरवून दिलं: विंच, नांगर, साखळी, होकायंत्र, कड्या. ते विकून मोडीचा बराचसा खर्च निघाला. बोट जून महिन्यात कापली. मी बघायला गेलो नाही. काका गेले होते. होकायंत्र त्यांनी विकलं नाही, घरी नेलं.

आणि मी? मी त्याच उन्हाळ्यात एका सेलिंग क्लबात जायला लागलो. बुधवारी संध्याकाळी शर्यती असतात आणि बोटवाल्यांना हात नेहमी कमी पडतात. पहिल्या दिवशी मला फक्त इकडून तिकडे सरकायला सांगितलं होतं, वजन म्हणून. तेही मी चुकीच्या वेळी केलं. पण त्या एका उन्हाळ्यात मी १९ वेळा पाण्यात गेलो. ती बोट घेतली असती तर आज मी डेकवरचा दुसरा फणस कापत असतो.

अर्जाची फी भरली. बचत आता बरीच खाली आलीय. क्लबातले दोघं म्हणतायत, तिघांत मिळून एक चालू बोट घेऊ, माणशी दीड हजार. अजून ठरलेलं नाही. बाबांना सांगितलं, तर त्यांनी तोच प्रश्न विचारला. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं: जागा मिळालीय, भाडं तिघांत.

“मग बघ,” म्हणाले. “आणि नारळ वाढवल्याशिवाय उतरवू नको.”

चला मंडळी, आज इथेच थांबतो. काळजी घ्या. भेटू पुढच्या भागात.